कॅरीज म्हणजे वाहून नेणे

आमच्या घरात इंग्रजीचे दोन जाणकार होते. एक बाबा. ते बस डेपोच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांचं इंग्रजी फायलींपुरतं होतं. दुसरी मी. मी नुकतंच बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं आणि माझं इंग्रजी वाद घालण्यापुरतं होतं. आईला इंग्रजी अजिबात येत नव्हतं, त्यामुळे घरातली कामं वेळेवर व्हायची. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आम्ही नाशिकरोडला, रेल्वेलाइनीच्या पलीकडे, नव्याने वसलेल्या एका कॉलनीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, कोपऱ्यावर विहार आणि गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांचा मिळून एक नळ.

त्या नळावरून पाणी आणणं हे आईचं काम होतं आणि ते तिने कुणाला करू दिलं नाही. मी हंडा उचलला की ती म्हणायची, "राहू दे, सांडशील." मी खरंच सांडायचे, पण म्हणून काय कुणी असं तोंडावर सांगतं? एका हिवाळ्यात तिची पाठ दुखू लागली. आधी बाम झाला, मग गरम विटेचा शेक झाला, मग शेजारच्या बाईंनी पाठीवर पाय देऊन पाहिला. दुखणं वाढतच गेलं. संध्याकाळी अंगात कणकण असायची, जेवण तुटलं, पोलकी ढगळ झाली. तरी ती नळावर जातच होती. मग एके सकाळी ती स्टोव्हपाशी बसली आणि तिला उठताच येईना. पायांना मुंग्या आल्यात, म्हणाली. त्या मुंग्या दुसऱ्या दिवशीही होत्या.

बाबांनी रजा टाकली आणि आम्ही तिला रिक्षाने नाशिकला, हाडांच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयाने फार नव्हते, पण आवाज खणखणीत होता. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, मणक्यांवरून वरून खाली पेन्सिल फिरवली, एका जागी थांबवली आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "कॅरीज स्पाइन." मग आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं आणि बाबांना आत ठेवून घेतलं.

बाबा बाहेर आले ते रुमालाने चष्मा पुसत. चष्मा स्वच्छ होता.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"काही नाही. प्लास्टर घालावं लागेल. पडून राहायचं."

"पण झालंय काय?"

"कॅरीज स्पाइन म्हणाले ते," मी मध्येच तोंड घातलं. "मी ऐकलं."

बाबांनी माझ्याकडे नाराजीनेच पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "तेच ते. स्पाइन म्हणजे पाठीचा कणा. आणि कॅरी म्हणजे वाहून नेणे. कॅरी, कॅरीज. आमच्या कचेरीत रोज येतो तो शब्द. तू इतकी वर्षं पाणी वाहिलंस, त्याचा भार आला कण्यावर."

आईने मान हलवली. तिला पटलं असावं, असं मला तेव्हा वाटलं. इतकंच नव्हे, तिला ते आवडलंही असेल, असं वाटलं. इतकी वर्षं वाहिलेल्या पाण्याची कुणीतरी इंग्रजीतून दखल घेतली होती. रिक्षात ती मला म्हणाली, "बघ, म्हणून तुला हंडा उचलू देत नव्हते."

मला मात्र ते पटेना. माया वगैरे नंतरची गोष्ट, माझं घोडं अडलं होतं व्याकरणापाशी. कॅरीज हे क्रियापद असेल तर कर्ता कुठे गेला? कोण वाहतं? कणाच वाहत असेल तर स्पाइन आधी यायला हवा. मी हे बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "डॉक्टर लोकांचं व्याकरण वेगळं असतं." एरवी बाबा माझ्याशी वाद घालायला कधी कंटाळत नसत. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडला आणि बराच वेळ त्याचं पान काही उलटलं नाही.

आईला काखेपासून कमरेच्या खालपर्यंत प्लास्टर चढलं. पलंगावरची गादी काढून फळ्या टाकल्या. कंपाउंडर रोज सायकलवरून येऊन इंजेक्शन देऊन जायचा, आणि गोळ्या तर इतक्या होत्या की आई म्हणायची, आज भाजी केली नाहीस तरी चालेल. डॉक्टरांनी एक बजावून सांगितलं होतं: पायांकडे लक्ष ठेवा, बोटं हलवायला सांगा. म्हणून आमच्याकडे सकाळचा चहा पायाच्या बोटांनंतर व्हायचा. बाबा पांघरूण बाजूला करायचे, आई अंगठे हलवायची, मग बाकीची बोटं. हलली की मी स्टोव्ह पेटवायचे. ती पुन्हा उभी राहणार की नाही, एवढा एकच प्रश्न घरात होता आणि तो सोडून आम्ही बाकी सगळ्यावर बोलत होतो.

आई तर काही विचारतच नव्हती. त्याऐवजी ती मला शिकवत सुटली होती. पडल्या पडल्या, छताकडे बघत. कुरडयांचा चीक किती घोटायचा, तिखटाला मिरची कुठली घ्यायची, रॉकेल संपत आलं हे स्टोव्हच्या आवाजावरून कसं ओळखायचं. "बाबांना वांगं सोसत नाही, पण ते सांगणार नाहीत, खाऊन टाकतील," असं ती एकदा म्हणाली. माझी परीक्षा तोंडावर होती आणि मला या शिकवणीचा वैताग यायचा. एका रविवारी तिने ट्रंक उघडायला लावली आणि काठाची एकुलती एक चांगली साडी मावशीला देऊन टाकली. मावशी तिची धाकटी बहीण. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या बागांत कामाला जायची आणि रविवारी मिळेल त्या टेम्पोने आमच्याकडे यायची. साडी घेताना मावशीलाही बरं वाटलं नाही, पण ताईपुढे तिचं कधी काही चाललं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आईच्या उशाशी बसून वंदना म्हणायचे आणि नंतर तिची समजूत घालायचे. सगळंच अनित्य आहे, जे जे घडलं ते झिजणारच, वगैरे. आईने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाली, "सगळं झिजतं ते कळलं हो मला. पण तुमच्या आधी माझाच नंबर का?" त्यानंतर बाबांनी अनित्यता जरा आवरती घेतली.

आणि मी? मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसले. इंग्रजी-मराठी कोशात कॅरी होतं, कॅरिअर होतं, कॅरिज होतं. त्यांच्या जरा वर, मी आधी वगळून गेले होते अशा जागी, एकाच 'आर'चा कॅरीज निघाला. दात किंवा हाड किडणे. मला सगळ्यात आधी आनंद झाला. बाबांचा एक 'आर' जास्त झाला होता, वाद मी जिंकला होता. मग मी तो अर्थ पुन्हा वाचला. शेजारचा जाडजूड इंग्रजी कोश उघडला तर त्यात याहून वाईट शब्द होता, सडणं, आणि पुढे तिरप्या अक्षरात लॅटिन असा शेरा. मी कोश मिटला.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "पाण्याबिण्याचं काही नाही. मणक्याला कीड लागलीये. दाताला लागते ना, तशी." सडण्याचं मी बोलले नाही. आई एवढंच म्हणाली, "बरं." माझ्याशी वाद घालायची एवढी चांगली संधी बाबांनी कशी सोडली, याचं मला नवल वाटलं.

कीड हा शब्द मावशीच्या कानावर गेला मात्र, तिला एकदम हुरूप आला. इतके दिवस तिला काही करता येत नव्हतं. कीड हे तिच्या हातातलं काम होतं.

"कीड ना? मंग आवशीद मारायचं की," ती म्हणाली. "आमच्याकडं मोरचूद न् चुना कालवून पंपानं मारत्यात. वेल कशी टकाटक व्हती."

"मावशी, ती वेल आहे. ही आई आहे."

"तुला काय कळतंय, चार बुकं वाचली का झालं का? आपल्या पिंपळगावच्या बाजारात एक बाई बसती. दातातला किडा काढती, नळी लावून. लोकांनी डोळ्यानं बघितलाय, वळवळता. ती दाताचा काढती तर पाठीचा नाय काढायची?"

मी कपाळाला हात लावला. कीड हा शब्द घरात मी आणला होता आणि आता तो माझ्या हाताबाहेर गेला होता. मराठीत कीड म्हटलं की तिला पाय आलेच, तोंड आलंच. आता तो किडा लॅटिनमध्ये आहे की नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. तसं पाहिलं तर सरळ उठून डॉक्टरांना विचारता आलं असतं. पण डॉक्टरांच्या चेहऱ्याची मला भीती वाटत होती. कोशाला चेहरा नसतो, तो बरा.

कॉलेजच्या वाटेवर एक चर्च होतं आणि तिथे एक म्हातारे गोरे फादर राहायचे. युरोपातल्या कुठल्याशा गावातून ते तरुणपणी इकडे आले, गोदाकाठच्या खेड्यांत सायकलवरून हिंडले आणि मराठी तिथेच शिकले. शनिवारी ते आम्हा पोरापोरींना फुकट इंग्रजी शिकवत. इंग्रजी अगदी साहेबी बोलायचे, आणि मराठी बोलायला लागले की नवीन आलेली मुलं तोंडात मारल्यासारखी बघत राहायची.

तास संपल्यावर मी मागे थांबले. "फादर, कॅरीज हा शब्द लॅटिन आहे ना?"

"हाय ना. जसाच्या तसा लॅटिन. विंग्रजांनी त्यात कायबी बदल केला नाय." मग त्यांनी विचारलं, "तुला कुठं घावला?"

"आईच्या पाठीत," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

त्यांनी माठातलं पाणी दिलं, मी प्यायले, मग ते खुर्ची ओढून समोर बसले. "जुन्या काळी तो शब्द लाकडासाठी व्हता," ते म्हणाले. "घराची तुळई असती बघ, वरून धडधाकट दिसती, अन् बोटानं टोकरलं का भुसा पडतो. ती कॅरीज. भिंतीला बी म्हनायचे. दारू लय जुनी झाली न् तिची चव उतरली, का तिला बी. मंग दाताला, हाडाला."

"आणि त्यात किडा असतो का?"

"किडा?" ते हसले. "किडा नाय त्यात. तो तुम्ही मराठी मानसांनी त्यात सोडला. त्यात कोनी खानारं नाय न् कुरतडनारं नाय. आपलं आपन झिजत जानं, खंगत जानं, एवढंच. तुमच्याकडं हाय की त्याला चांगला शब्द. क्षय."

त्यांनी तो नुसता भाषांतर म्हणून सांगितला. मी मात्र त्या शब्दापाशीच अडकले. चंद्राचा क्षय, तिथीचा क्षय, आणि सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरात असतो तो क्षय. संध्याकाळची कणकण, ढगळ पोलकी, कंपाउंडरची रोजची सुई, भाजीऐवजी पुरतील इतक्या गोळ्या. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना मी लॅटिनच्या मागे लागले होते. क्षय छातीतच होतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तो पाठीतही बसतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या आईला क्षय आहे?"

"ते मला काय ठावं, पोरी? मी तुला शब्दाचं सांगितलं. आजाराचं शब्दाला काय इचारती? डागदरला इचार."

मी तिथूनच सिटी बस पकडली. डॉक्टर बाहेर निघण्याच्या तयारीत होते. मी दारातच विचारलं तर ते जरा वैतागले. "हो, मणक्याचा टीबी. कॅरीज स्पाइन म्हणजे तेच, आम्ही आपले जुन्या सवयीने म्हणतो. तुमच्या वडिलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंय मी."

"ती उभी राहील का?" शेवटी मी ते विचारलं.

"पायाची बोटं हलतात?"

"हलतात. रोज बघतो आम्ही."

"मग राहतील की. पूर्वी या रोगाला औषध नव्हतं, आता आहे. वेळ लागेल. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि त्या प्लास्टरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पण राहतील." मग माझ्याकडे नीट बघून ते म्हणाले, "अहो, रडताय काय? चांगली बातमी देतोय."

बाहेर आले, समोर उसाच्या रसाचं दुकान होतं, तिथे जाऊन बसले आणि दोन ग्लास रस प्यायले. रस बर्फाने पांचट झाला होता. मला तो अमृतासारखा लागला. आई उभी राहणार होती. दुकानातल्या बैलाच्या घुंगरांचा आवाजसुद्धा मला त्या दिवशी आवडला. एवढं हलकं मला पुढे फार थोड्या वेळा वाटलं आहे. दुसरा ग्लास संपेपर्यंत मात्र बाबांनी हे लपवल्याचं आठवलं, राग आला आणि मी तणतणत डेपोत गेले.

बाबा फायलीत मान घालून बसले होते. मी टेबलापाशी उभी राहून हळू आवाजात म्हटलं, "क्षय ना?"

त्यांनी फाइल बंद केली आणि मला कॅन्टीनमागच्या लिंबाखाली नेलं. "तुझ्या आईची आई क्षयाने गेली," ते म्हणाले. "तुझी आई तेव्हा लहान होती. घरच्यांनी बाईला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलं होतं. ताटली दाराखालून सरकवायचे. तुझ्या आईने दारापलीकडून हाक मारायची आणि आतून ओ यायची, एवढंच. एक दिवस ओ आली नाही. क्षय म्हटलं की तिला ते दार दिसतं. मी डॉक्टरांना हात जोडले, म्हटलं, तिच्यापुढे हा शब्द तेवढा काढू नका."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी मी विचारलंच, "मग ते कॅरी म्हणजे वाहून नेणे?"

"तू मध्ये तोंड घातलंस," बाबा म्हणाले. "मला ऐनवेळी तेवढंच सुचलं."

आईला इतक्यात काही सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. प्लास्टर निघू दे, पाय टेकू देत, मग बघू. हे ठरवलेलं रविवारपर्यंत टिकलं.

रविवारी बाबा विहारात गेले होते आणि मी पडवीत कपडे पिळत होते. आत मावशीचा आवाज आला म्हणून गेले तर तिच्याबरोबर बाजारातली ती बाई. कपाळावर भलंमोठं कुंकू, खांद्याला पिशवी, हातात पोकळ नळी. ती आईच्या प्लास्टरवर बोटाने टकटक करून बघत होती.

"ह्या भिताडातून किडा कसा यायचा?" ती म्हणाली. "इथं खिडकी पाडा. येवढीशी."

मावशीने कमरेची कात्री काढली. द्राक्षांचे घड विरळ करायची ती बारीक टोकदार कात्री तिच्याजवळ कायम असायची. मी दारातून पलंगापर्यंत पोचेस्तोवर तिने प्लास्टरची कड धरून दोन वेळा कात्री चालवलीही होती आणि चादरीवर पांढरा चुरा पडला होता. आई छताकडे बघत शांत पडली होती. तिला जणू त्याचं काही नव्हतंच. मी मावशीचं मनगट धरलं.

"सोड, मावशी. डॉक्टरांनी सांगितलंय, हात लावायचा नाही."

"डागदरला किडा निघंना म्हनून तर आनलं ना हिला."

"किडा नाहीच आहे. क्षय आहे."

शब्द तोंडातून निघून गेला होता. बाजारातल्या बाईने नळी पिशवीत टाकली, पदर नाकाला लावला आणि "आधी सांगायचं ना," म्हणत निघूनही गेली. मावशी खालीच बसली. आजी तिचीही आई होती, हे मला तेव्हा कुठे सुचलं. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"रडू नको गं," आई म्हणाली. मग मला, "इकडे ये. नक्की क्षय?"

"हो."

"डॉक्टर म्हणाले?"

"मी स्वतः विचारून आले. मणक्याचा. औषध आहे त्यावर. तू उभी राहशील म्हणाले."

"दुसरं काही नाही ना?"

"दुसरं काय?"

"कॅन्सर," आई म्हणाली.

गल्लीच्या टोकाच्या घरातली बाई दोन वर्षांपूर्वी अशीच पाठ धरून गेली होती. तिच्या नवऱ्यानेही तिला शेवटपर्यंत काहीबाही सांगितलं होतं, उसण भरली, वात झाला, असलं. बाबांनी पाण्याची गोष्ट सांगितली तेव्हाच आईने मनाशी धरलं होतं की हे तेच. इतके महिने ती फळ्यांवर पडून स्वतःची आवराआवर करत होती. चीक, तिखट, वांगं, साडी. मला ते एकदम कळलं आणि मी तिचा हात घट्ट धरला.

"क्षयाच्या गोळ्या निघाल्यात आता," आई सांगू लागली, जसं काही मलाच धीर द्यायचा होता. "आमच्या आईच्या वेळी नव्हत्या. असत्या तर ती जगली असती. मी ह्या रोज खातेय त्या त्याच ना? मग झालं तर." तिने एक लांब श्वास घेतला, प्लास्टरमध्ये मावेल तेवढा. आणि मावशीला म्हणाली, "पुढच्या रविवारी येशील तेव्हा माझी साडी घेऊन ये."

मावशी रडता रडता हसायला लागली. "नेसले बी नाय गं अजून," ती म्हणाली.

बाबा विहारातून आले ते चपला काढायच्या आधीच आईच्या तावडीत सापडले. "अहो कारकून, इकडे या. कॅरी म्हणजे वाहून नेणे काय?" आणि मग तिने त्यांना जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. ते उभ्याने ऐकत होते आणि त्यांचा चेहरा मात्र उजळत चालला होता. एवढ्या महिन्यांत ती त्यांना एकदाही रागावली नव्हती. बोलून झाल्यावर आई दुपारभर गाढ झोपली आणि आम्ही तिघं पडवीत बसून तिचं घोरणं ऐकत राहिलो.

ऐंशीच्या दशकात मी शिक्षिका झाले आणि मला पगारातून कोश विकत घ्यायची खोड लागली. त्यातल्या एका मोठ्या कोशात मला कॅरीजची आणखी एक पिढी सापडली. लॅटिनच्याही मागे, जिथून लॅटिन आणि संस्कृत दोघी निघाल्या असं जाणकार मानतात, तिथे मोडणे, झिजणे अशा अर्थाचं एक मूळ आहे आणि त्याच मुळाचा आपला शब्द म्हणजे शीर्ण. जीर्णशीर्णमधला. आपली जुनी पंडित मंडळी तर शरीर हा शब्दही तिथूनच काढतात. जे झिजतं ते शरीर. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ते वाचून एकटीच हसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एक नातेवाईक सापडला. एका मणक्यासाठी डॉक्टरांनी वापरलेला परदेशी शब्द मुळात अख्ख्या माणसाचं घरगुती नाव होता. त्यात घाबरण्यासारखं असं वेगळं काही नव्हतंच. अर्थात हे शहाणपण नंतरचं. प्लास्टरच्या दिवसांत ते मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आईसारखंच उत्तर दिलं असतं.

तर ते प्लास्टर निघालं. नव्या एक्स-रेत डॉक्टरांनी दाखवलं, दोन मणके खचून एकमेकांत मिसळले होते. "दोन होते, आता एक आहे. पण भक्कम आहे," ते म्हणाले. उठून बसायला तिला किती दिवस लागले, मग पाय खाली सोडायला किती, ते सगळं सांगत बसत नाही. शेवटी एका सकाळी तिने मधल्या दाराची चौकट धरली, बाबांचा खांदा धरला आणि ती उभी राहिली. पाय थरथरत होते, पण राहिले.

आई बाबांपेक्षा बोटभर उंच होती. दोघांच्या लग्नाच्या फोटोत बाबांना फोटोग्राफरने विटेवर उभं केलंय आणि वीट दिसू नये म्हणून पुढे कुंडी ठेवलीय. त्या सकाळी उभी राहिल्यावर आई समोर बघत होती आणि बाबांचे डोळे तिच्या डोळ्यांच्या अगदी बरोबर समोर होते. तिने दोनदा मान ताठ करून खात्री करून घेतली.

"मी बुटकी झाले हो," ती म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले. "मी उंच झालो."

प्लास्टर होतं तोवर तिला हसता येत नसे. छाती जखडलेली असायची, आम्ही काही गमतीचं बोललो की ती हात वर करून थांबवायची. आता ती मोठ्याने हसली, लगेच दचकून पाठीवर हात नेला आणि कळ यायची वाट बघत थांबली. कळ आली नाही. मग ती पुन्हा हसली. आजाराने तिच्यातलं बोटभर नेलं होतं, बाकीची सगळी आई आमच्यासमोर उभी होती, आणि मला त्या क्षणी त्या बोटभराचं काडीचंही दुःख झालं नाही.

तिने बाबांचा खांदा सोडला, मग चौकट सोडली आणि ती स्टोव्हच्या दिशेने चालू लागली. बाबा आणि मी दोन्ही बाजूंनी हात पसरून मागे.

"मागे मागे काय येताय," ती वळून न बघता म्हणाली. "पडत नाही मी."

आणि ती पडली नाही.